दुसऱ्या फेरीचं डिझेल

माईक हातात आला की मामू आधी त्याच्या जाळीवर नखानं दोनदा टकटक करायचे. हॅलो नाही, फुंकर नाही. दोनदा टकटक, एकदा खाकरणं आणि मग ठरलेले तीन शब्द. "ऐका, मग ठरवा."

पुढची गोष्ट कोणतीही असो, सुरुवात हीच. कोणाची म्हैस हरवली, नळाला उद्या पाणी नाही, आठवडी बाजारात नवीन कापडाचं दुकान लागलं, कोणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार. अंत्ययात्रेच्या बाबतीत ऐकणाऱ्यानं ठरवायचं तरी काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "यायचं का न्हाई ते. मुनीमजी, लोक मयतीला बी ठरवूनच येतात."

मी मुनीम नव्हतो. माझं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि आकड्यांत चूक झालेली मला खपत नसे, एवढ्यावरून त्यांनी मला ते नाव दिलं होतं. आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं. कोणता तालुका ते सांगत नाही, कारण या गोष्टीतली काही माणसं अजून हयात आहेत आणि निवडणुका अजून होतात. तुमच्याही गावात असा एक आवाज असणार. माणूस समोर आला तर कदाचित तुम्ही ओळखणार नाही, पण आवाज ओळखाल.

मामूंचं घर गावात चार पिढ्यांचं. वडील निजामाच्या काळात दवंडी द्यायचे, मामूंनी जीप घेतली. टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर आणि बॅटरी, पुढच्या काचेला आतून एक जुना टॉवेल. घरात ते दखनी बोलत, आमच्याशी मराठी. अंगानं बारीक, छातीला कायम खोकला, आणि त्या छातीतून निघणारा आवाज असा की तीन गल्ल्यांपलीकडे भाकरी थापणारी बाई हात थांबवून ऐकायची.

त्यांचा एक नियम होता. जे स्वतः पाहिलं, किंवा ज्यानं पाहिलं तो समोर उभा राहून सांगतोय, तेवढंच भोंग्यातून जाणार.

भूकंपाच्या वेळी मी हे पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे घरं पडली नाहीत, भिंतींना तडे गेले. पण दक्षिणेकडे काय झालं होतं ते दुपारपर्यंत कळलं आणि मामू कोणी न सांगता जीप घेऊन तिकडे गेले. छावणीत ते कितीतरी दिवस होते. कोण सापडलं, कोण कोणत्या तंबूत आहे, कोणाला कोण शोधतंय, हे दिवसभर सांगायचे. मी दुकानातून ताडपत्र्या घेऊन गेलो तेव्हा काही माणसं त्यांच्या जीपला गराडा घालून उभी होती. आज परत हादरा बसणार आहे, आत्ताच्या आत्ता पुकारा, असा त्यांचा आग्रह होता. कोणीतरी माईक ओढायला लागलं. मामूंनी माईक पोटाशी धरला आणि म्हणाले, "कोणी सांगितलं? नाव सांगा, त्याला इथं उभं करा. मला तर जमिनीनं काही सांगितलं न्हाई." त्या गर्दीतही दोघं-तिघं हसले. त्या दिवशी तिथं कोणी हसेल असं मला वाटलं नव्हतं.

नाना तेव्हा आमचे आमदार. अपक्ष, निशाणी छत्री. नानांना आमच्याकडे मवाळ म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हतं. दर्ग्यासमोरच्या पटांगणात आणि मारुतीच्या पारावर ते एकच भाषण करायचे, त्यामुळे दोन्हीकडची माणसं नाराज असायची. आवाजही असा की दुसऱ्या रांगेच्या मागे पोचायचा नाही. भूकंपानंतर आमच्या तडे गेलेल्या गावांत सगळ्यांना नवीन घराची आशा लागली होती. विरोधकांनी घरं देऊनही टाकली होती, तोंडानं. नानांनी कलेक्टर कचेरीत जाऊन नियम समजून घेतला आणि मामूंना सांगितलं, हे पुकारा. नवं घर ज्याचं पडलं त्याला. आपल्याला डागडुजीचे पैसे मिळतील, तेही उशिरा.

मामूंनी गावोगाव पुकारलं. पुढच्या निवडणुकीत नाना पडले.

"मीच पाडलं त्यांना," मामू म्हणायचे. "त्यांच्या तोंडून कोणाला ऐकू गेलं नसतं. माझ्या भोंग्यातून सगळ्यांना गेलं." हे ते हसत म्हणायचे, पण दर दोन-चार महिन्यांनी म्हणायचे.

मधल्या वर्षांत गाव बदललं. लातूरचे क्लास सुरू झाले आणि आमच्याकडची पोरं पत्र्याच्या पेट्या, गाद्या घेऊन तिकडे राहायला जाऊ लागली. बसस्टँडवर पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक लागले. नानांच्या पुतण्यानं लातुरात क्लास काढला आणि तो बघता बघता मोठा झाला. माझी थोरली मुलगी त्याच क्लासला होती. पुतण्यानं एकदा मामूंना जाहिरातीचा कागद दिला. त्यात होतं की आमच्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी डॉक्टर किंवा इंजिनिअर होतोच. मामूंनी गावभर फिरून पुकारलं, "ऐका, मग ठरवा. लातूरला क्लास हाय, शिकवणी चांगली हाय असं सांगतात. डॉक्टर व्हायचं का न्हाई ते पोरावर हाय." पुतण्या मला म्हणाला, "काका, हा माणूस जाहिरात करतो की साक्ष देतो?" त्यानंतर त्यानं लातूरहून एका बाईच्या गोड आवाजातली कॅसेट करून आणली.

मग ती निवडणूक आली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

नाना परत उभे राहिले. या वेळी गमावलं तर पुन्हा नाही, हे त्यांनी घरच्यांना आणि आम्हाला सांगितलं होतं. वय झालं होतं, शेतीचा एक तुकडा प्रचारात जाणार होता. आणि समोरचा उमेदवार जे बोलत होता ते ऐकून गावातली शहाणी माणसं संध्याकाळी पोरांना घराबाहेर सोडत नव्हती. नाना आले तर गाव शांत राहील, एवढीच आमची आशा होती. ही आशा मोठी होती की लहान, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या दुकानामागचं गोदाम हे आमचं कार्यालय. गाड्या कुठे पाठवायच्या, परवाना कोणाचा, डिझेल किती, हे काम माझ्याकडे. भोंग्याचा परवाना एकाच गाडीला मिळाला होता, मामूंच्या.

पहिला धक्का निशाणीचा बसला. छत्री तिघा अपक्षांनी मागितली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि ती कोणीही न ओळखणाऱ्या एका माणसाला गेली. त्याला कोणी उभं केलंय याबद्दल गावात कुजबुज होती, पण आम्ही पाहिलेलं काही नाही, म्हणून लिहीत नाही. नानांना कपबशी मिळाली. दोन निवडणुका लोकांनी छत्रीवर शिक्का मारला होता. आता सगळा प्रचार एकाच गोष्टीवर आला. छत्री विसरा, कपबशी.

मामू रोज सकाळी निघण्याआधी माझ्या दुकानासमोर चहा प्यायचे आणि रिकामी कपबशी मला दाखवून जायचे, पोरानं पाठ केलेली कविता म्हणून दाखवावी तसं. समोरच्या उमेदवाराचा पुकारणारा होता बालाजी. मामूंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आवाज खणखणीत, जीभ त्याहून. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या की तो भोंगा मामूंच्या दिशेनं वळवून म्हणायचा, "मामू, कपबशी जपून, फुटती." मामू खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचे. धंद्यातली माणसं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाजारपेठेतल्या आमच्या सभेवर दगड आले. चार-पाच. एक मंडपाच्या कापडातून आत पडला, कोणाला लागलं नाही. पण दुकानांची शटरं खाली आली ती कोणी परत उघडली नाहीत.

सकाळी गोदामात पुतण्या लातूरहून आलेला. त्यानं मामूंच्या हातात एक चिठ्ठी दिली. दगड कोणत्या लोकांनी मारले, त्यांचा उद्याचा बेत काय, आणि म्हणून आपल्या लोकांनी काय करायला पाहिजे, असं त्यात होतं. हे मामूंच्याच तोंडून गेलं पाहिजे, असं तो म्हणाला. का ते सगळ्यांना कळलं. मामूंची वस्ती मतदानाला एकगठ्ठा बाहेर पडली असती.

मामूंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"दगड मारताना तुमी पाहिलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, मामू."

"मग गावाला सांगायचं काय काम हाय?"

पुतण्या चिडला. पाच वर्षांपूर्वी तुमच्याच खरं बोलण्यानं नाना पडले, आता परत पाडा, असं तो म्हणाला. हे त्यानं बोलायला नको होतं. मामूंचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. कपबशी दाखवली नाही. जीप सुरू केली आणि निघून गेले. त्यांना नदीकडच्या रस्त्यावर जायचं होतं. सावरगाव, हिप्परगा, तांडा आणि टोकाला उमरदरा.

दुपारी जीप परत आली ती भोंगे बंद ठेवून. मामू आत आले आणि दारातच उभे राहिले. नाना चटईवर बसून जेवत होते.

झालं होतं असं. चारी गावं पुकारून मामू परत निघाले, तर फाट्यावर बालाजीची गाडी आडवी आली. बालाजी भोंगा न लावता, खाली उतरून, हसत हसत जवळ आला आणि म्हणाला, "मामू, आज आमचं काम तुमीच करून राहिले की. सावरगावपासून मागं मागं येऊन ऐकून राहिलो. छत्री, छत्री, छत्री." मामूंना आधी खरं वाटलं नाही. मग त्यांनी स्वतःचा सकाळपासूनचा आवाज आठवून पाहिला. दोन निवडणुका जिभेवर बसलेली ओळ होती, "नानाची छत्री, मनाची खात्री." त्यांनीच बनवलेली. डोक्यात पुतण्याचं बोलणं फिरत होतं आणि तोंड आपल्या जुन्या वाटेनं चालत होतं.

"चारी गावांत?" नानांनी विचारलं.

"चारी."

पुतण्या पुढे झाला. आता त्याचा आवाज शांत होता, आणि बोलणं चुकीचंही नव्हतं. लोकांनी महिनाभर कपबशी ऐकली आहे, एका सकाळच्या चुकीनं काय होतं? परत जाऊन चूक झाली म्हणणं म्हणजे आणखी गोंधळ. समोरचे हसतील. आणि पाचला प्रचार बंद. चारला चौकात शेवटची सभा, ती बिनभोंग्याची कशी होणार? कालच्या दगडांनंतर लोक आज आवाजावरच बाहेर येतील.

मग तो माझ्याकडे वळला. "गाडीचं तुम्ही ठरवा, काका."

मला माझी मुलगी दिसत होती, पुतण्याच्या क्लासमधलं तिचं शेवटचं वर्ष दिसत होतं. आणि भिंतीवरचं घड्याळ. चार गावं, कच्चा रस्ता, नदीतला उतार. हिशोब बसत नव्हता. जीप कशीही हाकली तरी उमरदऱ्याला पोचायला पाच वाजून जाणार होते.

नानांनी ताटात हात धुतला. "माझा आवाज तसाही कोणाला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मामू, तुम्ही निघा."

मी डिझेलची चिठ्ठी लिहायला घेतली तर मामूंनी माझा हात धरला. "सकाळी नानाच्या कामानं गेलो, ते लिहा. आता माझ्या चुकीनं चाललो. या फेरीचं डिझेल लावू नका."

मी जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. का बसलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपण लिहिलेला आकडा जुळतो का ते पाहायला माणूस उठतो, तसं काहीतरी असेल.

सावरगावात मामूंनी पारासमोर गाडी लावली. दोनदा टकटक. खाकरणं.

"ऐका, मग ठरवा. सकाळी मी इथं छत्री म्हणालो. चुकीचं म्हणालो. छत्री नानाची न्हाई. नानाची कपबशी. चूक माझी हाय, नानाची न्हाई. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुमी बघा. पण ज्याला द्यायचं त्यालाच जाऊ द्या."

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "पाऊस आला तर छत्रीच लागती की मामू." लोक हसले. मामूंनी तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सांगितलं. मी घड्याळ बघत होतो, ते बघत नव्हते.

हिप्परग्यात वेशीवर बैलगाडी आडवी लावली होती. दहा-बारा तरुण उभे होते, समोरच्यांचे रुमाल गळ्यात. कालच्या दगडांची बातमी इथं पोचली होती आणि वाटेत मोठी झाली होती. एकाच्या हातात काहीतरी होतं, ते त्यानं मांडीमागे धरलं होतं. मला दगडच वाटला. जीप थांबली. मामूंनी इंजिन बंद केलं.

त्यातला एक खिडकीशी आला. "काय मामू, सकाळी एक, दुपारी एक. उद्या म्हणशील, नानाच चुकीचा उमेदवार."

"म्हणेन की," मामू म्हणाले. "तसं दिसलं तर त्या दिवशी म्हणेन. आज निशाणी चुकली, तेवढं सांगू दे."

"काल आमच्या माणसांनी दगड मारले म्हणून बोंबलत फिरून राहिलात म्हणं."

मामूंनी माईक उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "मी बोललो असलो तर तू सांग यात. कुठं ऐकलं, कधी ऐकलं. गाव ऐकल. मग ठरवू."

त्या पोरानं माईकला हात लावला नाही. सकाळची ती घडी घातलेली चिठ्ठी मला आठवत होती. ती वाचली असती तर आता या क्षणी काय झालं असतं, हे मी त्या पोराच्या मित्राच्या मांडीमागच्या हाताकडे बघून समजून घेत होतो.

"बोलले न्हाईत ते," मागून कोणीतरी म्हणालं. "सकाळी मी होतो इथं. नुसतं छत्री छत्री चाललं होतं."

कोणीतरी फिदकन हसलं. मग आणखी एक. बैलगाडी हलली. त्या मांडीमागच्या हातात काय होतं ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही, म्हणून दगड होता असं मी म्हणत नाही.

तांड्यावर बायका कामावरून परत येत होत्या. तिथं वेळ चांगली सापडली. मामूंनी सांगितलं, बायकांनी हातानं कपबशीचा आकार करून दाखवला. तांड्यावरून निघालो तेव्हा पाचला थोडाच वेळ होता आणि मधे नदी होती.

उमरदऱ्याची पहिली घरं दिसली तेव्हा पाच वाजून गेले होते. तिथं पोलीस नव्हता, तहसीलचा माणूस नव्हता. मी म्हणालो, "मामू, दोन मिनिटांचं काम आहे. कोण बघतंय?" त्यांनी काचेचा जुना टॉवेल काढला, टपावर चढले आणि एका भोंग्याच्या तोंडावर गुंडाळला. दुसऱ्यासाठी माझा रुमाल मागितला.

मग ते पायी निघाले. दार वाजवायचं, माणूस बाहेर आला की हळू आवाजात सांगायचं. भोंग्याशिवाय त्यांचा आवाज किती लहान आहे ते मला त्या दिवशी कळलं. खोकल्यात अर्धे शब्द जायचे. बरीच दारं बंद होती, माणसं रानात. मी दुसऱ्या आळीत शिरलो आणि तेच सांगू लागलो. मला जमत नव्हतं. लोक ऐकून घेत आणि विचारत, "मामू कुठं हायेत?" अंधार पडेपर्यंत अर्धं गाव झालं. परत येताना मामू म्हणाले, "निम्मं राहिलं." एवढंच.

आम्ही गावात आलो तेव्हा कळलं की चौकातली सभा झाली होती. नाना बिनभोंग्याचे बोलले. ऐकू येत नाही म्हणून लोक पुढे पुढे सरकत गेले आणि शेवटी सगळा चौक त्यांच्याभोवती दाटीनं बसला. काय बोलले, असं विचारलं तर कोणालाच नीट सांगता आलं नाही. दगड आले नाहीत.

मतमोजणीला मी नानांचा प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसलो होतो. आमच्या टेबलावर नदीकाठच्या पेट्या आल्या. सावरगाव, हिप्परगा, तांडा, सगळीकडे छत्रीचे गठ्ठे बारीक. उमरदऱ्याची पेटी उलटली आणि मतपत्रिकांवर छत्रीच छत्री दिसायला लागली. निम्म्याच्या आसपास. मी बाहेर बघितलं. मामू मैदानात लिंबाखाली उकिडवे बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण रात्री त्यांनी विचारल्यावर आकडा सांगावाच लागला.

संध्याकाळी नाना निवडून आले. फरक थोडका होता. ती बाकीची तीन गावं त्या दुपारी झाली नसती तर काय झालं असतं, ही वजाबाकी मी घरी येऊन केली आणि कोणाला दाखवली नाही. मतं का पडतात हे आकड्यातून पक्कं कळत नाही, हे मला माहीत आहे. तरी केली.

गुलाल उधळला, मिरवणूक निघाली. जीप सजवली, पण मामू माईकवर बसले नाहीत. खोकल्याचं कारण सांगितलं. पुतण्यानं ती गोड आवाजाची बाई आणली होती, कॅसेटमध्ये. माझ्या मुलीचं शेवटचं वर्ष नीट पार पडलं. पुतण्या त्या दुपारबद्दल माझ्याशी कधी काही बोलला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू दुकानासमोर उभे. "मुनीमजी, उमरदऱ्याला येता?"

मला वाटलं आभार मानायला. पण पारासमोर गाडी लावून त्यांनी टकटक केली आणि म्हणाले, "ऐका, मग ठरवा. नाना निवडून आले. पण या गावातली निम्मी मतं नानाला गेली न्हाईत. माझ्या चुकीनं छत्रीला गेली. ज्यांची गेली त्यांनी मला माफ करावं." मी खाली मान घालून बसलो. जिंकल्यावर असं कोणी सांगत फिरतं का?

एक म्हातारी काठी टेकत जीपपाशी आली. "मग आता ते मत काढून नानाला दे की."

"न्हाई जमत आजी. पेटी बंद झाली."

"मग सांगाय कशाला आलास?"

"तुमी पाच वर्षं म्हणत राहाल की आमी नानाला मत दिलं. मला ऐकवलं नसतं ते."

म्हातारी आम्हाला घरी घेऊन गेली आणि तिनं चहा केला. मामूंच्या हातात देताना म्हणाली, "हा कप. ही बशी. आता तरी नीट बघून घे." मामू इतके हसले की खोकल्यानं चहा सांडला.

नंतरच्या वर्षांत भोंग्याचं काम कमी होत गेलं. क्लासवाले, दुकानवाले सगळे कॅसेटवर गेले, मग मोबाइलवर. जीप विकली. मामू संध्याकाळी माझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे, खोकत. रस्त्यानं कोणाची जाहिरात गेली की लक्ष देऊन ऐकायचे. बालाजीनं रिक्षावर भोंगा लावला होता. तो जाताना रिक्षा हळू करायचा आणि मामू हात हलवायचे.

मामू गेले ते मंगळवारी पहाटे. त्यांच्या वस्तीत मशिदीतून सांगितलं. बाकीच्या गावाला कोण सांगणार? इतकी वर्षं गावातलं प्रत्येक मरण त्यांनीच पुकारलं होतं, आणि त्याचे पैसे कधी घेतले नव्हते. मी बालाजीला बोलावलं आणि त्याला वेळ सांगितली. दुपारी दोन, कब्रस्तान. तो गावभर फिरून आला. मी दुकान बंद करत होतो तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "मयत चारला आहे ना?"

बालाजीनं सगळीकडे चार सांगितलं होतं. मी रिक्षाच्या मागे धावलो आणि त्याला गाठलं. ऐकल्यावर त्यानं तोंडावरून हात फिरवला, रिक्षा वळवली आणि जिथून सुरुवात केली होती त्या चौकात गेला. मी मागे बसलो होतो. त्यानं माईक घेतला. हॅलो म्हणाला नाही. जाळीवर नखानं दोनदा टकटक केली.

"ऐका. मघाशी मी मामूंची वेळ चार सांगितली. चुकीची सांगितली. मयत दोनला हाय. चूक माझी हाय."

प्रत्येक चौकात तो हेच म्हणाला, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून. दोन वाजता कब्रस्तानाच्या भिंतीबाहेरही माणसं उभी होती. नाना होते, काठी घेऊन. हिप्परग्याची होती, उमरदऱ्याचीही होती.

संध्याकाळी मी बालाजीला दोन फेऱ्यांच्या डिझेलचे पैसे देऊ लागलो. त्यानं मोजले, निम्मे ठेवून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात परत दिले.

"पहिली फेरी तुमची, शेठ. दुसरीचं लावू नका."